मोडायची खेळणी, टिकायचे घर

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढच्या दातांची वाढ आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर असते, त्यामुळे झीज थांबली तर थोड्याच काळात जनावराला घास तोडणे अवघड होऊन बसते. ससा पाळणाऱ्या बहुतेकांना एवढे ठाऊक असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धवट असतो: दात झिजायला काहीतरी टणक द्यावे, पिंजऱ्यात लाकडाचा ठोकळा टाकावा की झाले. प्रत्यक्षात पुढचे दात मुख्यतः एकमेकांवर घासून झिजतात, आणि दाढा झिजतात त्या वाळले गवत दळताना, जबडा जात्यासारखा आडवा फिरतो तेव्हा. दातांची काळजी गवत घेते. ठोकळ्याचा त्यातला वाटा लहान आहे. मग खेळणे कशासाठी? या पुस्तकाचे उत्तर आहे: वेळेसाठी. रानात राहणारा ससा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कित्येक तास चरतो, माती उकरतो, हद्दीवर हनुवटी घासून गंध सोडतो, कान टवकारून थांबतो आणि पुन्हा चरतो. पिंजऱ्यातल्या सशापुढे तयार खाद्याच्या गोळ्यांची वाटी येते आणि काही मिनिटांत रिकामी होते. पोट भरते, पण ज्या कामांसाठी ते शरीर घडले ती सगळी कामे शिल्लक राहतात. पाळीव सशाच्या घराचा आणि खेळण्यांचा विचार या शिल्लक राहिलेल्या वेळेपासून सुरू करायला हवा.

त्याआधी हा ससा कोणता, हे स्पष्ट करणे गरजेचे आहे. महाराष्ट्राच्या माळरानावर संध्याकाळी झुडपातून उसळून पळणारा ससा आणि बाजारातून घरी येणारा ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. माळावरच्या सशाची पिल्ले उघड्यावर जन्मतात, तीही केसाळ आणि डोळे उघडे असलेली. शत्रू दिसला की त्याचा भरवसा पायांवर. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे त्याला घरी पाळण्याचा प्रश्नच येत नाही. पाळीव ससा, मग तो पांढरा लाल डोळ्यांचा असो की लोंबत्या कानांचा, मूळचा स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्समधल्या बिळवासी सशाचा वंशज आहे. त्याची पिल्ले आंधळी, बिनकेसांची, जमिनीखालच्या उबेत जन्मतात, आणि त्याचा भरवसा बिळावर. आपल्या बालकथांतला ससा पळणारा आहे, म्हणून घरच्या सशाला मोकळे पळायला मिळाले की भागले असे आपण गृहीत धरतो. या जनावराची पहिली गरज वेगळी आहे. लपायला जागा आहे याची खात्री पटल्याशिवाय तो पळत नाही, खेळत नाही, नीट खातही नाही. भोवताली सगळे दिसणारा मोकळा हॉल माणसाला प्रशस्त वाटतो; ज्याला बीळ सापडत नाही अशा सशाला तो संकट वाटतो.

माणूस आणि हा ससा यांचा संबंध जुना आहे, पण त्यात सशाच्या सोयीचा विचार फार उशिरा आला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन लेखक व्हॅरोने ससे ठेवण्यासाठी बांधलेल्या कुंपणांचे वर्णन केले आहे. हेतू अर्थातच मांसाचा होता. मध्ययुगीन युरोपात सशांसाठी मातीचे उंचवटे उभारले जात. तिथे ससा आपले बीळ स्वतः खणे, फक्त शिकार ठरलेल्या जागी मिळे. सहाव्या शतकातल्या पोपच्या एका आज्ञेमुळे मठांमधल्या भिक्षूंनी ससा माणसाळवला, ही कथा बराच काळ पाठ्यपुस्तकांतही वाचायला मिळे. २०१८ मध्ये संशोधकांनी ती निराधार ठरवली आणि माणसाळण्याला एक ठरावीक मुहूर्त नव्हता, ती शतकानुशतके चाललेली प्रक्रिया होती, असे मांडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पाळीव सशांच्या मेंदूत भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग रानटी सशांपेक्षा तुलनेने लहान आढळला. म्हणजे भीती कमी झाली. वर्तन मात्र बदलले नाही: १९७० च्या दशकात जर्मनीत झालेल्या तुलनात्मक निरीक्षणांत रानटी आणि पाळीव सशांच्या वागण्याचे प्रकार तेच दिसले, फरक होता तो ते किती वेळा आणि किती सहज दिसतात यात. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेला ससा खणणे विसरलेला नाही. त्याला माती मिळत नाही, एवढेच.

ती पेटी आली एकोणिसाव्या शतकात. युरोपात जातिवंत सशांची प्रदर्शने भरू लागली, कामगारवस्त्यांच्या परसात मांसासाठी ससे वाढू लागले आणि लाकडी चौकट, पुढे जाळी, पायांवर उभे केलेले खुराडे ही रचना रूढ झाली. पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने ती उत्तम होती. कोणत्या मादीची पिल्ले कोणती ते समजते, लेंड्या खाली पडतात, नर भांडत नाहीत, वजन लवकर भरते. १९०२ मध्ये बिअट्रिक्स पॉटरचा पीटर रॅबिट आला आणि ससा बालविश्वाचा लाडका झाला. पण लाडका झालेला ससा राहिला त्याच पेटीत. आज आपल्याकडे दुकानात ‘सशाचा पिंजरा’ म्हणून जे मिळते ते त्याच पेटीचे तारेचे रूप आहे. सशाच्या तळपायांना मांजर-कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, फक्त दाट केस असतात. तारेच्या तळावर बसून बसून टाचांना जखमा होतात. ही रचना अल्पायुषी जनावरासाठी होती. चांगल्या देखभालीत आठ-दहा वर्षे जगणाऱ्या सोबत्यासाठी ती कधीच बेतली गेली नव्हती.

या वारशाला उत्तर देणारे तीन प्रवाह विसाव्या शतकात तयार झाले. पहिला प्रयोगशाळा आणि शेतीचा. त्याने मोजमाप आणले. ब्रिटनमध्ये १९६५ च्या ब्रॅम्बेल समितीने शेतीतल्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता यावेत अशी भूमिका घेतली. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार प्रयोगशाळेतल्या तीन ते पाच किलो वजनाच्या सशासाठी ४,२०० चौरस सेंटीमीटर तळ आणि ४५ सेंटीमीटर उंची ही किमान अट आहे, शिवाय पिंजऱ्यात उंचवट्याचा एक फलाटही हवा. दुसरा प्रवाह घरातल्या सशाचा. अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांचे ‘हाउस रॅबिट हँडबुक’ १९८५ मध्ये आले, १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी स्थापन झाली, आणि ससा ठरावीक कोपऱ्यात लघवी करायला शिकतो, माणसांमध्ये मोकळा राहू शकतो, हे हजारो घरांनी पडताळून पाहिले. तिसरा प्रवाह वर्तन-अभ्यासाचा. रोनाल्ड लॉकली यांनी वेल्समध्ये रानटी सशांची वर्षानुवर्षे निरीक्षणे करून १९६४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने ससा हा समाजशील, श्रेणी पाळणारा, जागेशी जखडलेला प्राणी म्हणून दाखवला. रिचर्ड ॲडम्स यांच्या १९७२ च्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीमागे तेच काम होते. या प्रवाहातून पुढे ब्रिटनमधल्या ससा-कल्याण संस्थांची ‘खुराडे पुरेसे नाही’ ही मोहीम निघाली. त्यांची शिफारस सशांच्या जोडीसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर उंच आणि सतत उघड्या जागेची आहे.

या आकड्यांतले अंतर बोलके आहे. प्रयोगशाळेची किमान जागा आणि कल्याण-संस्थेची शिफारस यांत साधारण चौदा पटींचा फरक पडतो, आणि तो केवळ औदार्याचा फरक नाही. पहिला आकडा विचारतो, ससा मावतो का? दुसरा विचारतो, ससा काय करू शकतो? सलग दोन-तीन उड्या, मागच्या पायांवर पूर्ण उभे राहणे, जोडीदारापासून दूर जाऊन बसणे, आणि आनंदात हवेत अंग पिळून मारलेली ती प्रसिद्ध उडी, यांसाठी किती लांबी-उंची लागते ते पाहून दुसरा आकडा निघाला आहे. घरमोकळ्या प्रवाहाने जागेचा प्रश्न सोडवला, पण गुळगुळीत फरशी, विजेच्या वायरी आणि एकटेपणा हे प्रश्न मागे ठेवले. सशाच्या केसाळ पायांना चकचकीत टाइल्सवर पकड मिळत नाही, म्हणून ‘मोकळा’ ससा दिवसभर एका पायपुसण्यावर बसून राहतो. एकटेपणाचे म्हणाल तर लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत एकट्या ठेवलेल्या सशांत गज चावणे दिसले, जोडीत ठेवलेल्यांत ते आढळले नाही. म्हणून हे पुस्तक कोणत्याही एका पंथाचा झेंडा घेत नाही. जागेचा हिशेब ते वर्तनवाद्यांकडून घेते, सहवासाची सवय घरमोकळ्यांकडून, आणि स्वच्छतेची शिस्त, नाव घ्यायला कुणाला आवडो वा न आवडो, जुन्या खुराडेवाल्यांकडून.

पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद आता मांडता येईल. सशाचे घर टिकायला हवे आणि सशाचे खेळणे मोडायला हवे. बीळ पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. त्याची दारे, वाटा, गंध ठरलेले असतात आणि त्या ठरलेपणातच सुरक्षितता असते. त्यामुळे दर आठवड्याला पिंजऱ्याची जागा हलवणे, गंध पुसून टाकणारी कडक साफसफाई करणे, लपायचा डबा ‘कंटाळा येऊ नये म्हणून’ बदलणे ही सशाच्या दृष्टीने घरफोडी आहे. बदल हवा तो चाऱ्यात आणि खेळण्यात. रानात ससा जे जे हाताळतो ते जवळजवळ सगळे संपणारे असते: गवताचे पाते, साल, मुळी, ओली माती. ज्याचा फडशा पडत नाही असे टणक प्लास्टिकचे खेळणे त्याला पहिल्या दिवशी नवे असते आणि तिसऱ्या दिवशी दगड. प्राणिसंग्रहालयांच्या जगात हाइनी हेडिगर यांनी १९४२ मध्येच बंदिवासातल्या जनावराला ‘व्यवसाय’ हवा असा विचार मांडला होता. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन यांच्या प्रयोगात समोर फुकट अन्न असतानाही उंदीर कळ दाबून अन्न मिळवत राहिले. जनावराला फळासोबत खटपटही हवी असते, हा धडा सशालाही लागू पडतो: वाटीतल्या गोळ्यांपेक्षा पुठ्ठ्याच्या नळीत कोंबलेले गवत त्याला जास्त वेळ गुंतवते, आणि शेवटी नळीसुद्धा कुरतडली जाते.

म्हणूनच घरी बनवलेले खेळणे हा गरिबांचा पर्याय नसून मुळातच योग्य पर्याय आहे. जे नष्ट व्हायचे ते रोज विकत घेणे परवडत नाही, आणि परवडले तरी शहाणपणाचे नाही. मराठी घरात यासाठी लागणारे बरेच काही आधीपासून असते. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके दोन बाजूंनी कापले की बीळ होते. एका नव्हे, दोन बाजूंनी, कारण एकच दार असलेल्या खोक्यात दुबळा ससा कोंडला जातो आणि भांडण होते. रंग-वॉर्निश नसलेली बांबूची टोपली उलटी ठेवली की छत, सुलटी ठेवून गवताने भरली की चाऱ्याचा शोध. घमेल्यात माती किंवा फाडलेला कोरा कागद भरला की खणायची जागा. स्टीलची रिकामी वाटी दातांनी उचलून आपटण्यात अनेक सशांना रस असतो. शेजाऱ्यांना नसतो, तेव्हा तिची वेळ ठरवावी. तुतीची किंवा बांबूची कोवळी फांदी पानांसकट द्यावी, जोडीला हरळीची जुडी. घरगुती म्हणजे आपोआप सुरक्षित, असा समज मात्र या पुस्तकात कुठेही नाही. चिकटपट्टी, स्टेपलरच्या पिना, गुळगुळीत छपाईचा पुठ्ठा, प्लास्टिकच्या दोऱ्यांची चटई, कापसाची गादी या गोष्टी आतड्यात अडकू शकतात, आणि सशाला उलटी करता येत नाही. कण्हेर, रुई, धोतरा कुंपणाला सहज मिळतात आणि जिवावर बेततात. सुगंधी पाइनचा भुसा फुप्फुसांना जाचतो. साहित्य निवडण्याचा नियम एकच: हे सगळेच्या सगळे पोटात गेले तर चालेल का? चालणार नसेल तर ते सशाला गिळता येणार नाही इतके मोठे आणि अखंड तरी हवे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे माणसाच्या मनाचे खेळ आहेत. लहान मुलाला खेळणी लागतात म्हणून आपण ती सशालाही देतो. आक्षेपात तथ्य आहे, आणि बाजारातली टोप्या घातलेल्या सशांची चित्रे त्याला पुष्टी देतात. पण त्याचे उत्तर खेळणी काढून घेणे हे नव्हे, खेळणे कशाला म्हणायचे ते सशाकडून शिकणे हे आहे. कुरतडणे, खणणे, लपणे, शोधणे, उचलून फेकणे, उंचावर बसून टेहळणे ही सशाची स्वतःची कामे आहेत. त्यांपैकी एकालाही वाव न देणारी वस्तू कितीही गोंडस असली तरी या पुस्तकात खेळणे ठरत नाही. दुसरा आक्षेप अनुभवी पाळणाऱ्यांचा असतो: आमचा ससा पिंजऱ्यात मजेत आहे, कधी तक्रार नाही. ससा हा भक्ष्य-प्राणी आहे. दुखणे लपवणे हीच त्याची जगण्याची रीत. आवाज न करणारे, कोपऱ्यात बसलेले जनावर समाधानी असेल किंवा हरलेले असेल, आणि यांतले कोणते ते ओळखायचा मार्ग म्हणजे त्याला पर्याय देऊन पाहणे. दार उघडल्यावर तो काय निवडतो, हे पुरावा म्हणून शांततेपेक्षा जास्त भरवशाचे.

तिसरा आक्षेप जागेचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मुंबई-पुण्याच्या वन-बीएचके घरात सहा चौरस मीटर कुठून आणायचे? पण ससा जागा वापरतो ती जमिनीलगतची, आणि दाटीच्या घरात नेमकी तीच माणसाला निरुपयोगी असते. दिवाणाखाली, जेवणाच्या टेबलाखाली, शिवणयंत्राच्या मागे जी अंधारी पोकळी आहे ती सशाच्या लेखी बांधून तयार असलेले बीळ आहे. तिथे वायरी झाकल्या, सतरंजी अंथरली आणि घडीचे कुंपण लावले की लांबी-रुंदी जमते. अडचण बहुधा वेळापत्रकात असते. ससा पहाटे आणि सांजेला जागा असतो, आपण त्याला दुपारी आपल्या सवडीने ‘फिरायला’ सोडतो. कुंपण सतत उघडे ठेवणे हे कुंपण मोठे करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. उन्हाळ्याचा प्रश्न त्याहून बिकट. सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, उष्णता बाहेर टाकायचे त्याचे मुख्य साधन कान. पारा तिशीकडे सरकला की त्याला त्रास सुरू होतो, आणि विदर्भातला मे महिना त्याच्या कितीतरी पुढे असतो. इथे आपली जुनी घरे बरेच शिकवतात: शहाबादी फरशीचा तुकडा, आडवा ठेवलेला फुटक्या तोंडाचा माठ, खिडकीवर वाळ्याचा ओला पडदा. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, गणपतीत ढोल आणि दिवाळीत फटाके असतात. परदेशी मार्गदर्शिकांत यांपैकी काहीच नसते; थंडीपासून बचावाची प्रकरणे मात्र लांबलचक असतात. मराठीत असे पुस्तक हवे ते या कारणासाठी.

आत्ताच का, याचे उत्तरही इथेच आहे. शहरांत लहान घरांत मावणारा, न भुंकणारा, सोसायटीची कुरकुर न ओढवणारा प्राणी म्हणून ससा घेणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. कायद्याने तत्त्व सांगून ठेवले आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, हालचालीला वाजवी वाव मिळणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा ठरते, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून स्वतंत्र नियम आहेत. पण सशासाठी घरातला ‘वाजवी वाव’ म्हणजे काय, हे घरातल्यांनाच ठरवावे लागते. जोडी ठेवा म्हणावे तर महिनाभराच्या गर्भकाळाचा हा प्राणी. नसबंदीशिवाय जोडीचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे, आणि सशांवर शस्त्रक्रिया करण्याचा सराव असलेले पशुवैद्य सगळीकडे मिळत नाहीत. म्हणून शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा येतो की आपल्या हवामानात, आपल्या घरांत, ससा पाळूच नये. हे पुस्तक त्याचा प्रतिवाद करत नाही. ते ससा घ्या म्हणत नाही. जो आधीच घरात आहे त्याचे आयुष्य कसे भरावे, एवढेच सांगते.

त्यामुळे वाचकाने यातल्या आराखड्यांकडे पाककृती म्हणून पाहू नये. प्रत्येक रचनेमागे सशाचे कोणते काम आहे ते सांगितले आहे. ते काम ध्यानात ठेवून साहित्य, माप, जागा बदलायला पूर्ण मुभा आहे. ज्या वस्तूला ससा आठवडाभर तोंड लावत नाही ती पुस्तकात असली तरी काढून टाकावी, आणि जी दोन दिवसांत फस्त होते ती पुन्हा करावी. ज्यांच्या घरी अजून ससा नाही त्यांनी मात्र क्रम उलटा ठेवावा. आधी जागा आखावी, सावली आणि पकड तपासावी, गवत कुठून येणार आणि पशुवैद्य कोण ते ठरवावे, आठवडाभर रोज एक खोके कापायला वेळ निघतो का तेही पाहावे. एवढे जमत नसेल तर ससा आणू नये. हे पुस्तक वाचून कुणी तसा निर्णय घेतला, तरी त्याचा उद्देश सफल झाला असे मी मानतो.